कोपेश्वराच्या दारी दोन फळ्या

पहाटे साडेपाचला बेळगाव सोडलं. अक्का पुढच्या सीटवर, तिची खुर्ची घडी करून डिकीत. डिसेंबरचा गारठा होता, पण तिने काच खाली घेतली होती.

अक्काने बेळगावच्या मराठी शाळेत तीस वर्षं शिकवलं. दर दोन वर्षांनी ती सातवीची सहल खिद्रापूरला न्यायची. कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात मधोमध एक गोल शिळा आहे आणि तिच्या बरोब्बर वर छताला तेवढाच गोल मोकळा सोडलेला आहे. त्या शिळेवर पोरांना उताणं निजवून ती आभाळ बघायला लावायची. "हे आपलं उघडं नाट्यगृह," असं सांगायची. चार वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं आणि तिचे पाय गेले. तेव्हापासून "एकदा त्या शिळेवर जायचंय" हे तिचं चाललं होतं. अट एकच, कुणी उचलायचं नाही.

या अटीमागे कारण आहे. एका मोठ्या शहरात नाटकाला गेलो असताना चार माणसांनी तिला खुर्चीसकट पायऱ्या चढवल्या. माणसं भली होती. पण मध्येच एकाचा हात सुटला, खुर्ची कलली आणि "धर, धर, जड आहे!" अशी आरोळी उठली. नाटकाचे तीन अंक अक्का खुर्चीचे हात धरून बसली होती. पुढे काय पाहिलं ते तिला आठवत नाही, ती आरोळी मात्र आठवते.

आदल्या दिवशी बेळगावच्या किल्ल्यात जाऊन आलो होतो. राजा कार्तवीर्य चौथ्याचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली बांधवलेली कमल बसदी, हे जैन मंदिर, तिने खालूनच पाहिलं. छतातलं दगडी कमळ मी मोबाईलवर फोटो काढून दाखवलं. "फोटो माझ्याकडे आहेत रे," ती म्हणाली. मी गप्प बसलो.

संकेश्वर मागे पडलं, तवंदी घाट उतरला आणि निपाणी आली. चहा घेऊन बोरगावच्या रस्त्याला लागलो. या भागात महाराष्ट्र कुठे सुरू होतो ते पाट्यांवरूनच कळतं. शेत तेच, ऊस तोच, ट्रॅक्टरवरची गाणी अर्धी कानडी, अर्धी मराठी. कुरुंदवाडवरून सैनिक टाकळी लागली. घराघरांतून फौजेत माणसं गेलेलं हे गाव. अक्का बराच वेळ घरांच्या पायऱ्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "इथेही कुणी पाय गमावून आलं असेल. त्यांच्या घरी उतार असेल का रे?"

कृष्णाकाठी खिद्रापूर. बाराव्या शतकात शिलाहारांच्या काळात उभं राहिलेलं हे देऊळ. आत कोपेश्वर आणि धोपेश्वर अशी दोन लिंगं, पण समोर नंदी नाही. तो नदीकाठच्याच यडूरला आहे, आज कर्नाटकात. भिंतींवर कानडी शिलालेख आहेत आणि यादव सिंघणदेवाचा शके ११३६ चा संस्कृत लेखही आहे. आज ज्या भागात माणसं भाषेवरून भांडतात, तिथे एका देवळात दोन भाषा आठशे वर्षं शेजारी नांदल्या आहेत.

खुर्ची उघडली. आवारातल्या फरसबंदीच्या फटींत पुढची लहान चाकं अडकू लागली, तेव्हा खुर्ची मागे कलवून, मोठ्या चाकांवर तोलत नेली. मंडपाच्या ज्या बाजूला पोचलो तिथे पायऱ्या होत्या. दोन तरुण लगेच पुढे आले, "उचलू का, मावशी?" अक्काने हात जोडले आणि नको म्हटलं.

मी मनात हिशेब करत होतो. उताराचं प्रमाण बाराला एक असावं लागतं. दोन फूट उंची चढायची तर चोवीस फूट लांब उतार हवा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. सुगम्यतेचे नियम नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावलं. प्राचीन वास्तूचं काय करायचं, असा प्रश्न लोक विचारतात. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसचा अख्खा कडा चढायला डिसेंबर २०२० पासून नवी लिफ्ट आहे. दगडाला खिळा न मारता, नुसता टेकवून ठेवायचा आणि हवा तेव्हा काढायचा लाकडी उतार त्यापुढे काहीच नाही. दगड जपायचा आणि माणूस बाहेर ठेवायचा, ही जपणूक मला मान्य नाही.

बाहेर उसाची ट्रॉली भरत होती. डोक्यावर मोळी घेऊन बायका-माणसं फळीवरून ट्रॉलीत चढत होती. मी बघत राहिलो आणि मग ट्रॅक्टरवाल्याकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं. "मोळी घिऊन माणूस चढतंय, मग खुर्ची का न्हाई चढायची?" म्हणाला आणि टोळीशी बोलून दोन फळ्या खांद्यावर टाकून आला.

देवळाच्या राखणदाराला विचारलं. त्याची काळजी एकच, दगडाला ओरखडा नको. त्यानेच चार पोती आणून पायरीच्या कडेवर घातली. फळ्यांना पाय सरकू नये म्हणून आडव्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या. त्यांवर चाक धडधडून अडकलं असतं. फळ्या उलट्या केल्या. गुळगुळीत बाजू वर आली, पट्ट्या खाली गेल्या आणि वरची पट्टी पायरीच्या कडेला अशी अडली की फळी खाली सरकेना. दोन चाकांमधलं अंतर ट्रॅक्टरवाल्याने वितीने मोजलं. दोन पोरं फळ्यांवर पाय दाबून उभी राहिली. दहा फुटांची फळी, म्हणजे उतार चांगलाच उभा. अक्का म्हणाली, "मागून ढकला, पण चाकं मी फिरवणार."

तिने चाकांच्या कड्या धरल्या. एक हिसका, थांबायचं, पुन्हा हिसका. तिच्या मानेची शीर ताठली होती. पुढची चाकं वरच्या दगडावर टेकली, मग मोठी. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "पोचलं!"

आणि मग काही करावंच लागलं नाही. मंडपातली जमीन सपाट. अठ्ठेचाळीस खांबांच्या मधून खुर्ची हवी तिकडे फिरत होती. आठशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी जमीन अशी बसवलेली की अक्का एका हाताने चाक फिरवत गेली. अडचण होती ती फक्त काठाची. बारा खांबांच्या वर्तुळात ती शिरली, शिळेवर गेली आणि मान मागे टाकली. वर कडेने देव आपापल्या वाहनांवर बसलेले, मध्ये तेरा फुटांचं निळं आभाळ. उन्हाचा गोल तिच्यापासून दोन हातांवर पडला होता. ती सरकत त्यात गेली.

टोळीतली एक बाई मुलीला कडेवर घेऊन फळीवरून वर आली होती. "काय दिसतंय, मावशी?" तिने विचारलं. अक्काने तिला शिळेवर बसायला लावलं, मग निजायला लावलं. दोघी मायलेकी आभाळ बघत राहिल्या.

गाभाऱ्याकडचे उंबरे उंच आहेत. तिकडे अक्काने लांबूनच हात जोडले. उतरताना खुर्ची उलटी घेतली, पाठ पुढे. फळ्या परत ट्रॉलीला लागल्या तेव्हा त्यांवर चाकांचे दोन मळकट पट्टे दिसत होते. त्यांवरून पुढची मोळी चढली.

परतताना घाटात अंधार पडला. अक्काने पर्समधली वही काढली.

"फळी किती लांब होती?"

"दहा फूट. नियमाने चोवीस हवी."

"चोवीस फूट म्हणजे तीन तुकडे, आठ-आठ फुटांचे. बिजागरी लावून घडी होईल का? आपल्या शहापुरातल्या सुताराला विचारू." आणि थोड्या वेळाने, "कडेला पट्टी हवी, चाक उतरायला नको. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र बघायला लोक येतात तिथे. अजून अकरा महिने आहेत."