जावरची उलटी भट्टी

पुण्यात एका ओताऱ्याकडे पितळ ओतताना बघत उभा होतो. ते म्हणाले, “जस्त शेवटी टाकायचं, साहेब. आधी टाकलं तर धूर होऊन जातं.” हे उडून जाणारं जस्त पहिल्यांदा धरलं कुणी, या ध्यासानं मी उदयपूर गाठलं.

सकाळी गाइड सिटी पॅलेसचा हट्ट सोडेना. महाल, तलाव भराभर उरकले आणि दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर, जस्ताच्या जुन्या खाणी असलेल्या जावरला निघालो.

उतारावर वापरून टाकलेल्या मातीच्या मुशींचे ढीगच ढीग. भिंतीसुद्धा त्यांच्याच रचलेल्या. आकार वांग्यासारखा, ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या जुन्या ग्रंथात अशा मुशीला वृन्ताक (वांगं) मूषाच म्हटलंय.

जस्ताला अशी खास मूस का लागावी? सोनं फारसं कुणाशी संयोग करत नाही, म्हणून मोकळं सापडतं. तांबं, लोखंड ऑक्सिजन धरतात, पण कोळशाच्या धगीत सोडतात. ॲल्युमिनिअमची पकड तशा धगीतही सुटत नाही. जस्त लोखंड आणि ॲल्युमिनिअम यांच्या मधलं. कोळसा त्याला सोडवतो, पण त्यासाठी हजार अंशांच्या आसपास धग लागते आणि जस्त तर ९०७ अंशांनाच उकळतं. सुटतं ते वाफ होऊनच, आणि हवा लागली की पुन्हा ऑक्साइड!

इथल्या कारागिरांनी मूसच उलटी केली. भाजलेलं खनिज नि कोळसा आत, भोवती जाळ, आणि मुशीच्या तोंडाला लावलेली नळी खालच्या थंड कप्प्यात. वाफ खाली उतरे आणि थेंब थेंब जस्त जमे. एका भट्टीत अशा ३६ मुशी. १९८३च्या उत्खननात सात भट्ट्यांची रांगच सापडली.

राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल टॉडनं मात्र इथं कथील आणि चांदीच्या खाणी असल्याचं लिहिलं आणि त्या सुरू करण्याचं श्रेय मेवाडच्या राणा लाखाला दिलं. हे मला मान्य नाही. खाणीतल्या लाकडांचं वय दोन हजार वर्षांच्या वर भरलं. लाखा चौदाव्या शतकाच्या अखेरचा. आणि या मुशी कथलाच्या नव्हेत, जस्ताच्या.

दुपारी परतायचं ठरलं होतं. मांडीवर एक मूस घेऊन ऊन उतरेपर्यंत तिथंच बसून राहिलो. हिच्यापुढे कुठला महाल बघायचा?

इंग्लंडात विल्यम चॅम्पियननं जस्त काढण्याचं पेटंट घेतलं ते १७३८ साली. त्याच्याही भट्टीत वाफ खालीच उतरत होती. जावरच्या भट्ट्या तोवर कित्येक पिढ्या धगधगत होत्या.