राणीच्या बागेतली वैरण

१९७३ सालचा मे महिना. आदल्या वर्षी पावसानं दडी मारलेली. आमच्या माणदेशात विहिरीच्या तळाचा गाळसुद्धा वाळून गेला होता. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. घरात मिलोच्या तांबड्या भाकरी. कडबा कुठं मिळेना. शेवटी आबांनी सर्जा-राजाची जोडी बाजारात नेली आणि येईल त्या पैशाला देऊन टाकली. मोकळी दावी खांद्यावर टाकून घरी आले, ते गप्पच झाले.

मग मुंबईहून तात्यांची चिठ्ठी आली, पाऊस पडेपर्यंत इकडंच या. तात्या गिरणीत साच्यावर होते. लालबागच्या त्यांच्या एका खोलीत आम्ही चौघं शिरलो. आबा हमाली करू लागले.

एका रविवारी तात्या म्हणाले, "दादा, पोरास्नी राणीची बाग दावून आणू."

काकीनं चपात्या आणि बटाट्याची भाजी बांधून घेतली. चालतच भायखळ्याला गेलो. माकडं बघितली, हरणं बघितली. वाघ झोपलेला. धाकटी चिंगी म्हणाली, "मेलाय व्हय ह्यो?" सगळे हसले. पाणघोड्याच्या हौदाशी आई थबकली. "आगं बया! जनावराला डुंबायला एवढं पानी! आन् आमी हंडाभर पान्यापायी कोसभर चालायचं!"

हत्तीपुढं हिरव्या गवताचा ढीग पडला होता. आम्ही पोरं पुढं पळालो. मागं वळून बघतो तर आबा कठड्याला धरून तिथंच उभे. मी परत आलो तेव्हा ते राखणदाराला विचारत होते, "दिसाला किती वैरण लागती ह्याला?"

"दीडशे किलो तरी."

आबांचे ओठ हलले. मनातल्या मनात हिशेब केला असावा. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "आपल्या जोडीचं चार दिस निघालं आस्तं."

कठड्याबाहेर गवताची एक पेंडी पडली होती. आबांनी ती उचलली, नाकाशी धरली. मला वाटलं, आता खिशात घालतात की काय. पण त्यांनी हात लांब करून ती हत्तीपुढं धरली. हत्तीनं सोंडेनं अलगद घेतली. "खा बाबा," आबा म्हणाले, "तुजा काय दोष?"

दुपारी बागेतल्या दगडी हत्तीजवळ सावलीला जेवलो. हा हत्ती घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच त्या बेटाला एलिफंटा हे नाव पडलं, हे मला पुढं शाळेत कळलं. चिंगीनं त्याच्याकडं बघत विचारलं, "आबा, ह्यो काय खातो?"

आबांनी मान वर केली. "ह्यो लई गुणाचा. दुस्काळात ह्योच पाळावा."

आणि हसले. बाजारच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. आईनं तात्यांकडं बघितलं आणि घाईघाईनं फडकं आवरायला घेतलं.