प्रसाद खाती

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मंडळाचे खजिनदार काकाजी घरी आले आणि त्यांनी माझ्यासमोर एक कापडी पिशवी ठेवली. आत पाच कुलपं, सहा किल्ल्या, एक लांबोडकी वही, शिक्का, शाईचं वाळून खडंग झालेलं पॅड आणि टाळांचा एक जोड.

"सूनबाई, आता तुमीच अध्यक्ष."

"काकाजी, मला काय येतं त्यातलं?"

"बाबूजीले तरी कुठी येत होतं? चाळीस वर्स चालवलंच नं तेंनी."

बाबूजी म्हणजे माझे सासरे. मी अकोल्यात शाळेत मराठी शिकवते. शाळा मोर्णेच्या या बाजूला, घर पलीकडे जुन्या शहरात. मंडळ म्हणजे काय हे मला बाहेरून ठाऊक होतं. मंदिराच्या सभामंडपात रोज हरिपाठ, त्याच सभामंडपात संध्याकाळी मुलांची अभ्यासिका, कोपऱ्यात तीन शिलाई मशिनी, २० डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीचं अन्नदान, आणि वस्तीत कोणाकडे मयत झाली तर लाकडांपासून चहापर्यंत सगळं. हे आपोआप होतं असा माझा समज होता.

पहिल्या सभेत माझ्यासाठी खुर्ची मांडली होती. सगळ्यांना चहा विचारावा म्हणून मी आत गेले आणि कपबशा घेऊन येईपर्यंत दोन ठराव मंजूर झाले होते. एक श्रद्धांजलीचा, दुसरा सभामंडपाला कळस बसवण्याचा. सूनबाईने अध्यक्ष व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला सांगणारं कोणी नव्हतं. पुढच्या सभेला मी थर्मास नेला.

मग वही उघडली. बाबूजींचं अक्षर सुरेख, पण खातं एकच. पहिलीच्या पोरांच्या पाट्या: प्रसाद. एका बाईच्या बाळंतपणासाठी रिक्षा: प्रसाद. नाली उपसणाऱ्याला दिलेले ३०० रुपये: प्रसाद. खरोखरचा शिराही प्रसादच. सीए साहेबांनी वही चाळली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "मॅडम, चौतीस हजारांचा प्रसाद? खाल्ला कोणी?"

त्यांनीच मला पहिला धडा दिला. देणगीदाराला करात सूट मिळावी म्हणून आमच्याकडे ८०जी आहे. ते टिकवायचं तर धार्मिक कामावरचा खर्च वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. दोन हजारांच्या वर रोख देणगी घेतली तर देणाऱ्याला त्या रकमेवर सूट मिळत नाही. वहीप्रमाणे पाहिलं तर आम्ही बारा महिने तेरा काळ नुसता प्रसाद वाटत होतो, आणि पोरांच्या पाट्यासुद्धा कायद्याच्या नजरेत शिरा झाल्या होत्या.

दुसरा धडा मी स्वतःच्या चुकीनं शिकले. विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, कलम २२, मुदत ९० दिवस. मला वाटलं, बँकेत मृत्यूचा दाखला दिला म्हणजे झालं. कळलं तेव्हा पाचवा महिना चालू होता. मग विलंब माफीचा अर्ज, त्याला शपथपत्र, ठरावाची प्रत, आणि ठरावात माझं नाव काकाजींनी 'सूनबाई' एवढंच लिहिलेलं. तो ठराव पुन्हा करावा लागला. तोवर बँकेत सहीचा अधिकार कोणालाच नव्हता. अभ्यासिकेचं वीजबिल काकाजींनी धोतराच्या सोग्यातून पैसे काढून भरलं आणि ते कुठे लिहायचं हे मला विचारलंसुद्धा नाही.

याच काळात एका कंपनीच्या देणगीसाठीचा अर्ज हाती आला. अभ्यासिकेसाठी बाकं, पुस्तकं, कदाचित मुलींसाठी स्वच्छतागृह. पहिल्याच पानावर दोन चौकटी: धार्मिक संस्था, सामाजिक संस्था. एकीतच खूण करा. मी अर्ज सभेत वाचला.

"हे काऊन इचारतेत बाप्पा?" काकाजी म्हणाले.

मलाही माहीत नव्हतं. माझं निरीक्षण एवढंच होतं की ज्या संध्याकाळी नळ येतो त्या संध्याकाळी हरिपाठाला निम्मी माणसं असतात. काटेपूर्णेचं पाणी महानहून अकोल्यात येतं आणि आमच्या गल्लीत रोज येत नाही. येतं तेव्हा विठ्ठलाला थांबावं लागतं. बायका हंडे भरून, पदर पिळत, शेवटच्या अभंगाला टेकतात. त्यांना कोणत्या चौकटीत बसवायचं?

डिसेंबरात काकाजी म्हणाले, अमरावतीले जाऊन येऊ, गाडगेबाबाच्या समाधीवर. आम्ही एसटीनं निघालो. वाटेत ७५ किलोमीटरचा तो रस्ता लागतो, जून २०२२ मध्ये १०५ तासांत डांबर टाकून ज्याची गिनेसमध्ये नोंद झाली. आमच्या गल्लीतली नाली चाळीस फुटांची आहे. तिच्यासाठी केलेल्या अर्जांची फाईल तिच्यापेक्षा लांब होत चालली आहे. मूर्तिजापूर आलं तसे काकाजींनी हात जोडले. तिथून जवळच दापुऱ्याला मामाच्या घरी डेबूजीचं, म्हणजे गाडगेबाबांचं, बालपण गुरं राखण्यात गेलं.

गाडगेनगरात समाधीपाशी मी बराच वेळ बसले. डोक्यात चौकटी. या माणसानं पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. त्यांच्याच नावानं आज मुंबईत दादरला कर्करुग्णांसाठी धर्मशाळा चालते. आम्ही वर्गात 'समाजसुधारक संत' म्हणतो. परीक्षेत दोन गुणांना तेवढं पुरतं, अर्जाला पुरत नाही.

"काकाजी, तुम्ही बाबांचं कीर्तन ऐकलंय?"

"आठ-नऊ वर्साचा होतो मी. कीर्तन नाई आठवत. आमच्या घरासमोरचं तेंनी झाडलं, थे आठवते. माय इतकी शरमली! दुसऱ्या दिवसापासून कोंबडं आरवाच्या आंधी झाडाले लागली."

परत आल्यावर वेगळंच प्रकरण वाट पाहत होतं. मागच्या गल्लीतल्या एका आईनं विचारलं, माझी मुलगी दहावीला आहे, घरी सात माणसं, ती तुमच्या अभ्यासिकेत बसली तर चालेल का? मुलगी मुसलमान. सभामंडपात समोरच विठ्ठल-रखुमाई. मी रात्रभर भाषण तयार केलं. तुकाराम घातले, बाबा घातले, राज्यघटनाही घातली. सभेत विषय मांडला आणि घसा खाकरला. काकाजींनी हात वर केला.

"माही एक अट हाये."

मी श्वास धरला.

"चपला रांगीत ठेवा लागतीन. आपलीच पोट्टी लय पसरून ठेवतेत."

विषय संपला. भाषण तसंच राहिलं. दुसऱ्या दिवसापासून हरिपाठ अर्ध्या तासानं पुढे सरकला, तो कोणी सरकवला ते मला अजून कळलेलं नाही. कळसाचा ठरावही असाच कुठेतरी गेला. म्हणजे रद्द झाला नाही, पण त्याच्या पैशातून स्वच्छतागृहाचा पाया खणला गेला आणि सगळे म्हणाले, कळस काय, पाया झाल्यावर बसतेच.

श्रावणातला शेवटचा सोमवार अकोल्यात राजराजेश्वराच्या कावडीचा. पोरं गांधीग्रामला जाऊन पूर्णेचं पाणी खांद्यावरून अनवाणी आणतात. आमची मंडळीही गेली. कोणी कुठे खांदा बदलायचा, याचा कागद नव्हता, ठराव नव्हता, अध्यक्षाला कोणी विचारलं नव्हतं. रात्रभर एकही भरणं, म्हणजे कावडीचं पाण्याचं भांडं, खाली टेकलं नाही. मी मात्र कित्येक महिने वीजबिल भरू शकले नव्हते.

मंगळवारी सकाळी रस्ताभर द्रोण, पत्रावळी, प्लास्टिकचे पेले. मी भीत भीत निरोप पाठवला होता आणि बाजारातून २४ खराटे आणून ठेवले होते. पोरं झोपेत असतील, दहा आली तरी पुष्कळ, असा माझा हिशेब. एकतीस आली, पायाला फोड आलेली, त्यातली दोन लंगडत. मागच्या गल्लीतली ती मुलगी भावाला घेऊन आली होती. सात जणांना खराटा मिळाला नाही, त्यांनी पोती धरली.

दहाच्या सुमारास रस्ता दिसू लागला. मी घाम पुसत काकाजींना म्हणाले, "खराट्यांची पावती माझ्याकडे आहे. सामाजिक खर्चात लिहा हं, साफसफाई म्हणून. वेगळं पान केलंय मी."

काकाजी ओट्यावर बसले होते, मांडीवर वही, कानावर पेन.

"लिवलं नं सूनबाई, केव्हाच."

मी वाकून पाहिलं. तारीख, २४ खराटे, रक्कम, सगळं बरोबर होतं. आणि समोर सुरेख अक्षरात: प्रसाद.

सीए साहेबांना काय सांगायचं ते मार्चमध्ये पाहू.