आमच्या आज्यांच्या ओव्यांचा अर्थ कोण लावणार?

आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण जात्यावर बसली की ओवीला ओवी जोडत जायची. पुढे आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले. तिथे ओवी म्हणजे 'ग्रामीण स्त्रीचे दुःख' एवढेच शिकवले गेले. ती स्त्री कोणत्या जातीची, कुणाच्या वाड्यावर दळण दळायची, हा प्रश्न वर्गात आलाच नाही.

आज हे चित्र बदलते आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संकेतस्थळावर त्या २०१७ पासून प्रसिद्ध होत आहेत. मूळ मराठी शब्द, भाषांतर, आवाज आणि मुख्य म्हणजे गाणाऱ्या बाईचे नाव व गाव. त्यात आपली हिंजवडी ज्या तालुक्यात येते, त्या मुळशी तालुक्यातल्या बाया आहेत. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर, रमाईवर गायिलेल्या ओव्याही आहेत. जगातला कुठलाही अभ्यासक आता त्या ऐकू शकतो.

मग प्रश्न उरतो तो आपला. आपण या अभ्यासात कुठे आहोत?

चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर राबणारी आपली पोरे आम्हाला विचारतात, "सात महिन्यांनी ब्रेक मिळतो, तिथे ओव्यांचे काय घेऊन बसलात?" काही कार्यकर्ते म्हणतात, "ओवीत राम-सीता येते, १९५६ ला आपण ते सोडले." दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत. पण ओवीतली सीता नीट ऐका. ती देव्हाऱ्यातली नाही, घराबाहेर काढलेली बाई आहे. आणि ज्या बाईला शाळेचे दार बंद होते, तिने त्याच जात्यावर बाबासाहेबांना आणि धम्माला जागा दिली. हा आपल्या चळवळीचा इतिहास नाही, तर काय आहे? कामगाराचा हक्क आणि आईचा शब्द, दोन्ही एकाच माणसाचे आहेत. एक मागताना दुसरा टाकून द्यावा लागत नाही.

युरोपातल्या ज्यूंची यिद्दिश भाषा पाहा. 'बायकांची, अडाण्यांची बोली' म्हणून शिकलेले ज्यूच तिची हेटाळणी करत. १९२५ मध्ये विल्ना शहरात 'यिवो' ही संशोधन संस्था उभी राहिली आणि गावोगावची साधी माणसे तिला गाणी, म्हणी, कथा गोळा करून पाठवू लागली. पुढे नाझींनी ही भाषा बोलणारी लाखो माणसे मारली. १९८० मध्ये अमेरिकेत आरन लान्स्की या तरुण विद्यार्थ्याने घरोघरी जाऊन यिद्दिश पुस्तके वाचवायला सुरुवात केली. जाणकार म्हणत होते, जगात सत्तर हजार उरली असतील. मिळाली दहा लाखांहून अधिक. त्यातली हजारो आज इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतात. हे काम सरकारची वाट पाहत थांबले नाही.

आपल्याकडेही वसंत मून यांच्या चिकाटीमुळे १९७९ पासून बाबासाहेबांचे खंड निघू लागले. ग्रंथ वाचले, पण वस्तीतला आवाज अजून मोकळाच आहे. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. तो दिवस लहानपणी पाहिलेली माणसे आज ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहेत. दुष्काळात मराठवाडा सोडून पिंपरी-भोसरीच्या वस्त्यांत आलेल्या आज्या अजून आहेत. त्यांच्यासोबत जाणारा शब्द कुठल्याही खंडात सापडणार नाही.

बाहेरच्यांनी संग्रह केला, त्यांचे ऋण मान्य. पण अर्थ लावण्याचे काम आपले आहे. 'महारवाडा' या शब्दामागे कोणती विहीर होती, कोणती वाट बंद होती, हे वस्तीतल्या लेकीलाच कळते.

म्हणून या वर्षावासात प्रत्येक विहारात दोन तरुणांनी मोबाइल घेऊन बसावे. आधी आजीची परवानगी घ्यावी. ओवी, गाणे, आठवण, जे ती देईल ते नोंदवावे. तिचे नाव, मूळ गाव, कोणत्या साली इथे आली, हे त्यासोबत लिहावे. अवघड शब्दाचा अर्थ तिलाच विचारावा. रीलसाठी तिचा आवाज कापू नये, पूर्ण ठेवावा.

मूकनायकाने १९२० साली मुक्यांना वाचा दिली. आपल्या आज्या तर मुक्या नव्हत्याच. ऐकून लिहून घेणारे कमी होते, आणि ते आता आपण व्हायचे आहे.

जयभीम!