शाळेच्या आवारातील मधपेटी

मधपेट्यांत ज्यांचे आयुष्य गेले अशा आम्हा मंडळींकडे शाळांच्या मुख्याध्यापकांची जी पत्रे येतात, त्यांत एका पेटीतून वर्षाकाठी मध किती निघेल ही विचारणा बहुधा असतेच. आणि माझे प्रामाणिक मत असे आहे की, ज्या शाळेला हा प्रश्न सर्वांआधी सुचतो, तिने पेटी मागविण्याची घाई करू नये. शाळेतील पेटी ही पाहण्यासाठी असते, मधाच्या उत्पन्नासाठी नव्हे.

ती सातेरी मधमाशीचीच असावी. आग्या माशी उंच कड्यावर वा इमारतीच्या सज्जाखाली एकच उघडे पोळे बांधते आणि पेटीत नांदत नाही, फुलोरीचेही तसेच. सातेरी मात्र अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी बांधणारी व स्वभावाने सौम्य असल्यामुळे चौकटींच्या पेटीत सुखाने राहते. तथापि वारंवार उघडझाप झाली, अथवा पावसाळ्यात मकरंदाचा तुटवडा पडला, तर घर सोडून जाण्यास तिला विलंब लागत नाही. म्हणून पेटी उघडण्याचे काम पुण्याच्या केंद्रीय मधुमक्षिका संस्थेत किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयात रीतसर शिकून आलेल्या एकाच शिक्षकाकडे असावे, मे महिन्याच्या सुटीत तिची देखभाल कोण करणार हे आधीच मुक्रर व्हावे, प्रवेशद्वार खेळाच्या मैदानाकडे नसावे, आणि कोणत्या मुलास डंखाची ॲलर्जी आहे याची पालकांकडून लेखी नोंद घ्यावी.

मुलांच्या वाट्याला यावी ती काचेच्या भिंतींची निरीक्षण पेटी. बाहेरून आलेली कामकरी माशी उभ्या पोळ्यावर पोट थरथरवीत सरळ रेषेत धावते, अर्धवर्तुळ घेऊन मूळ जागी परतते, आणि एकदा उजवीकडून तर एकदा डावीकडून तोच फेरा घालीत राहते. या नृत्याचा अर्थ कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडला व त्यांना 1973 साली नोबेल पारितोषिक मिळाले. सरळ धाव ऊर्ध्व रेषेशी जो कोन करते, तोच कोन बाहेर सूर्याची दिशा आणि फुलांची दिशा यांच्यात असतो. सातवीतील मुलगी काचेवर कोनमापक धरून तीस अंश उजवीकडे असे मोजते, अंगणात येऊन सूर्याकडे तोंड करून तितकीच उजवीकडे वळते, आणि ओढ्यापलीकडे बहरलेले जांभूळ समोर दिसते तेव्हा तिच्या मुखावर जो भाव उमटतो, त्यासाठी हा सारा खटाटोप मी आनंदाने करतो. दोन तासांनी पुन्हा मोजावयास सांगावे. झाड तेथेच असते, सूर्य सरकलेला असतो, आणि माशीचा कोन त्याप्रमाणे बदललेला असतो.

परंतु येथे थांबल्यास मुलांची अशी समजूत होईल की, फुलांचा सारा कारभार मधमाशीच चालविते, आणि ती समजूत दूर करण्यास शाळेच्या बागेतील वांग्याचे झाड पुरेसे आहे. वांग्याच्या परागकोशाला केवळ टोकाशी बारीक छिद्रे असतात, मकरंद तर नसतोच, त्यामुळे सातेरीचा तेथे निभाव लागत नाही. काळा भुंगा मात्र फुलाला घट्ट बिलगतो, पंख मिटून उड्डाणाचे स्नायू तेवढे कंप पाववितो, गुणगुणीचा स्वर एकदम चढतो, आणि पराग त्या छिद्रांतून भुरभुरतो. प्रयोगशाळेतील नादकाटा वाजवून फुलाच्या देठाशी टेकवावा व खाली काळा कागद धरावा. पिवळी धूळ मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

या भुंग्याला कोणी पेटी देत नाही. तो वाळलेल्या लाकडात, बांबूच्या पोकळीत घर कोरतो. वांगी-टोमॅटोवर हेच कार्य करणाऱ्या निळ्या पट्ट्यांच्या, एकट्याने राहणाऱ्या माश्या मातीत बिळे करतात. संवर्धनाचा पाठ मुलांना द्यावयाचा असेल, तर तो पेटीइतकाच या उघड्या मातीपाशी दिला पाहिजे, असे अनुभवाअंती माझे ठाम मत झाले आहे. तरी शाळांच्या चालकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, पेटीच्या खर्चाची मंजुरी घेण्यापूर्वी आवारात जांभूळ, करंज, शेवगा लावावा, बागेवर कीटकनाशक फवारू नये, आणि फरसबंदीची दरखास्त पुढे आली तर कुंपणाकडेची दोन हात माती व एखादा वाळका ओंडका तसाच राहू देण्याची तजवीज अवश्य करावी.