धूर सुटला, निकोटिन नाही

गोथेनबर्गमध्ये सिगारेट ओढणाऱ्याला नोव्हेंबर अंगावर येतो. दुपारी चारच्या सुमारासच अंधारून येतं, समुद्राकडून वारा सुटतो, पाऊस आडवा मारतो आणि उभं राहायला आडोसा सापडत नाही. २०१९ च्या जुलैपासून स्वीडनमध्ये बसस्टॉपवर, रेल्वेच्या फलाटावर, इमारतींच्या दाराशी, हॉटेलबाहेर मांडलेल्या टेबलांवरसुद्धा ओढायला बंदी आहे. हॉटेलांच्या आत तर २००५ पासूनच नाही. पुण्यात होतो तेव्हा हिंजवडीच्या टपरीवर एक पेटवली की चार जण आपोआप भोवती जमायचे. चहा, सिगारेट, ऑफिसमधल्या कागाळ्या, सगळं एकत्र चालायचं. इथे मी कॉलर वर करून, सायकलींच्या रांगेमागे एकटा. रोज सिगारेट ओढणारे लोक या देशात विसात जेमतेम एक.

पण म्हणून स्वीडिश माणसाने निकोटिन सोडलं आहे असं समजू नये. मीटिंगमध्ये समोर बसलेल्याच्या वरच्या ओठाकडे नीट पाहिलं की एक छोटासा फुगवटा दिसतो. स्नूस ही इथली जुनी सवय. दळलेली ओलसर, खारट तंबाखू ओठ आणि हिरडी यांच्या मध्ये धरायची. थुंकायचं नाही, चघळायचं नाही. युरोपीय समुदायाने १९९२ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली. १९९५ मध्ये स्वीडन युरोपीय संघात आला तो या बंदीतून सूट घेऊनच. गेल्या दहाएक वर्षांत तिचं धाकटं भावंड आलं आहे, पांढरे पाऊच. यात तंबाखूचं पान नसतं. वनस्पतीच्या धाग्यांचा भुगा, त्यात निकोटिन, पुदिना किंवा लिंबाचा स्वाद, थोडा गोडवा आणि वरून कापडासारखी पातळ पिशवी. सुपरमार्केटमध्ये पैसे द्यायच्या काउंटरजवळ फ्रिज असतो, त्यात या डब्यांच्या रांगा लागलेल्या असतात. प्रत्येक डबीवर ते किती कडक हे ठिपक्यांनी किंवा मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं.

माझ्या टीममधल्या एका वयस्क सहकाऱ्याने मला पहिला पाऊच दिला. भिजून आत आलो होतो, दात वाजत होते. तो म्हणाला, बाहेर कशाला जातोस, हे ठेव. ठेवला. आधी हिरडीला झिणझिण्या आल्या, मग चक्क जळजळ. काही मिनिटांनी उचकी लागली. पाठोपाठ कपाळावर घाम, पोटात ढवळून आलं. मी बाथरूममध्ये जाऊन तो काढून टाकला आणि थंड फरशीवर बसून राहिलो. नंतर कळलं की त्याची डबी फार कडक होती. वर्षानुवर्षं स्नूस लावणाऱ्या माणसाचं माप वेगळं असतं. मी दुकानातून सर्वांत सौम्य, ३ मिलिग्रॅमची डबी आणली.

तिची गोडी लागायला वेळ लागला. सिगारेटचा झुरका घेतला की निकोटिन पंधरा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचतं. पाऊचचं काम सावकाश चालतं. तोंडाच्या अस्तरातून ते हळूहळू रक्तात उतरतं आणि पुरतं चढायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. ज्याला झुरक्याची सवय आहे त्याची तलफ त्यामुळे भागते, पण मन भरत नाही. सुरुवातीला माझं दोन्ही चालू होतं. ऑफिसात पाऊच, संध्याकाळी बाल्कनीत सिगारेट. हा काळ बरेच लोक ‘मी सोडतोय’ म्हणत वर्षानुवर्षं काढतात, आणि त्यात फुप्फुसांच्या पदरात फारसं काही पडत नाही. मग एका हिवाळ्यात फ्लू झाला, खोकून खोकून छाती दुखायला लागली, आणि बरा झाल्यावर मी बाल्कनीचं दार उघडलंच नाही.

धूर बंद झाल्यावर जे होतं ते खरंच होतं, त्याबद्दल माझ्याशी कुणी वाद घालू नये. पहिले काही दिवस खोकला उलट वाढला. धुराने लुळे पडलेले श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा हलायला लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात, म्हणून. मग तो ओसरला. जिना चढताना मध्ये थांबावं लागेनासं झालं. बायकोने फोडणीत हिंग टाकला की तो बैठकीच्या खोलीत बसून कळायला लागला, आणि माझ्या जुन्या कोटाचा वास इतका भयंकर आहे हेही तेव्हाच कळलं. तो कोट मी टाकून दिला. सिगारेटमध्ये माणसाला मारतो तो मुख्यतः जळण्याचा भाग. डांबर, कार्बन मोनॉक्साइड, धुरातली कॅन्सरकारक रसायनं, हे सगळं आगीबरोबर येतं. आगच नाही म्हटल्यावर ते नाही. स्वीडनमधल्या पुरुषांत फुप्फुसाच्या कॅन्सरने मरणाऱ्यांचं प्रमाण युरोपात सर्वांत कमी असणाऱ्यांत आहे, त्यामागे ही एक गोष्ट मोठी आहे.

एका गोष्टीने मात्र मी घाबरलो होतो. स्वीडिश ऑफिसात दिवसातून दोनदा सगळे उठून कॉफीला बसतात, आणि ती कॉफी काळी, कडक असते. मी सिगारेट सोडल्यावर तीच कॉफी मला सोसेना. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री डोळ्याला डोळा नाही. मी सगळा दोष पाऊचला दिला. डॉक्टर बाईंनी विचारलं, सिगारेट कधी बंद केलीत? मग त्यांनी समजावलं. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफीनचा निचरा फार झपाट्याने करतं. धूर थांबला की तो वेग उतरतो आणि तेवढीच कॉफी रक्तात कितीतरी जास्त वेळ राहते. यात निकोटिनचा काही संबंध नाही. म्हणजे पाऊच, गोळी, पट्टी काहीही लावलं तरी हे होणारच. कॉफी निम्म्यावर आणली आणि आठवड्याभरात झोप लागली. सिगारेट सोडणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी आधी सांगायला हवं. कित्येक जण या धडधडीलाच निकोटिनची ओढ समजतात आणि परत पेटवतात.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे आधी शांतता. मग, “म्हणजे तू आता बार भरायला लागलास?”

“नाही गं आई, यात तंबाखू नसते. नुसतं निकोटिन असतं.”

“मग नुसतं ते तरी कशाला हवं?”

तिचं भय कुठून येतं ते मला माहीत आहे. कराडला आजोबा ओट्यावर बसून तळहातावर तंबाखू मळायचे. चुन्याच्या डबीतून नखाने चुना काढायचा, अंगठ्याने रगडायचं, वर टाळी मारून फोलपट उडवायचं आणि चिमूट खालच्या ओठात. पुढे त्यांच्या गालाला आतून पांढरा चट्टा पडला, मिरजेच्या दवाखान्याच्या खेपा झाल्या, शेवटची वर्षं ते भात कालवून, अगदी मऊ करून खायचे. हे सगळं तिने केलं आहे. म्हणून मी तिला उडवून लावत नाही. शिवाय आजोबा चुना कशासाठी मळायचे ते मला इथे आल्यावर उमगलं. चुना अल्कधर्मी असतो. त्याने निकोटिन मोकळं होतं आणि तोंडाच्या अस्तरातून चटकन आत जातं. माझ्या पाऊचच्या घटकांत सोडियम कार्बोनेट लिहिलेलं असतं. काम तेच.

फरक आहे तो बाकीच्या मालात. आपल्याकडच्या तंबाखूत, गुटख्यात नायट्रोसमाइन नावाची कॅन्सरकारक द्रव्यं भरपूर असतात, गुटख्यात सुपारीचीही भर पडते. म्हणूनच महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, आणि तरी तोंडाच्या कॅन्सरचे रोगी येतच राहिले. स्वीडिश स्नूससाठी तंबाखू आंबवत नाहीत, वाफेच्या उष्णतेने तयार करतात, त्यामुळे तिच्यात ही द्रव्यं कमी. पांढऱ्या पाऊचमध्ये पानच नसल्याने ती त्याहूनही कमी. पण पाऊच बाजारात येऊनच दहाएक वर्षं झाली आहेत. वीस-तीस वर्षं वापरून माणसाचं काय होतं याची तपासणी कोणी करून ठेवलेली असणं शक्यच नाही. आईला हेच सांगितलं. ती म्हणाली, “मग मी काय चुकीचं बोलले?” काहीच नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. सिगारेटला जागा लागते आणि वेळ लागतो. उठावं लागतं, बाहेर जावं लागतं, पाच मिनिटांत ती संपते आणि थोटूक विझवावं लागतं. पाऊचला यातलं काही लागत नाही. मीटिंगमध्ये चालतो, बसमध्ये चालतो, सिनेमात, विमानात, अंथरुणात. कोणाला वास नाही, कोणाची तक्रार नाही. माझ्या लक्षात आलं ते असं, की सकाळी दात घासल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत ओठाखाली काहीतरी असतंच. निकोटिनचा अंमल दोनेक तासांत निम्म्यावर येतो. सिगारेटच्या काळात तो उतरायला निदान वाव मिळायचा. आता उतरायच्या आधीच दुसरा पाऊच. सौम्य डबी पुरेनाशी झाली आणि मी ठिपके वाढवत गेलो. डबी विसरून ऑफिसला निघालो तर ट्राममधून उतरून परत जायचो. ओढत होतो तेव्हासुद्धा मी इतका बांधलेला नव्हतो.

दात साफ करणाऱ्या बाईंनी आरसा हातात दिला आणि ओठ वर करून दाखवला. ज्या जागी मी पाऊच धरायचो तिथली हिरडी सुरकुतलेली, पांढरट, आणि एका दातावरून थोडी वर सरकलेली. सुरकुती जाईल, त्या म्हणाल्या, पण सरकलेली हिरडी परत खाली येत नाही.

त्याच सुमारास माझी मुलगी डबी कानाशी धरून खुळखुळवताना दिसली. गोळ्या आहेत का बाबा? पुदिन्याचा वास, गुळगुळीत गोल डबी, वरच्या झाकणाखाली वापरलेले पाऊच टाकायचा कप्पा. चार वर्षांच्या मुलीने यातला एखादा गिळला तर दवाखान्यात पळावं लागेल, इतकं निकोटिन त्यात असतं. वापरलेल्यातही शिल्लक राहतं. डबी हातातून घेताना माझा हात थरथरला. तेव्हापासून घरात डबी कुलपाच्या कपाटात, आणि कपाट उघडायला उठावंच लागतं. हा नियम मुलीसाठी केला, पण त्याने माझं माप निम्म्यावर आलं. पाऊचला पुन्हा जागा आणि वेळ मिळाली. जेवणानंतर, कॉफीबरोबर, संध्याकाळी. मग ठिपके उतरवत परत ३ मिलिग्रॅमवर आलो आहे. ऑफिसला जाताना डबी नेत नाही. दुपार अवघड जाते.

गेल्या महिन्यात पुण्याहून दोन निरोप आले. पहिला भाच्याचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामा, येताना त्या पांढऱ्या डब्या आण ना, इथे सगळे बोलतात. त्याने आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही. मी आणणार नाही असं कळवलं, आणि का ते सविस्तर लिहिलं. स्वीडनमध्येही धूर कधी न ओढलेली तरुण मुलं-मुली थेट पाऊचपासून सुरुवात करताना दिसतात, आणि ते बघून मला राग येतो. जळत्या घरातून बाहेर पडायला जी खिडकी आहे, तिच्यातून या पोरांना आत घेतलं जात आहे. भाच्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

दुसरा निरोप हिंजवडीच्या टपरीवरच्या जुन्या मित्राचा. त्याचं दिवसाला पाकीट होतं, आणि नुकतीच अँजिओप्लास्टी झाली आहे. त्याला मी डबीचं नावसुद्धा सांगितलं नाही. म्हटलं, आधी तुझ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचार, आणि सिगारेटच्या पाकिटावर त्या चित्राखाली जो १८०० चा नंबर छापलेला असतो तो फिरव, तो फुकट आहे. औषधाच्या दुकानात निकोटिनचं च्युइंगम मिळतं, डॉक्टर हो म्हणाले तर ते घे. ते सोडण्यासाठीच बनवलेलं आहे, आणि ते कधी बंद करायचं हेही डॉक्टर सांगतात. पाऊच कधी बंद करायचा हे त्या डबीवर कुठेच लिहिलेलं नसतं.

परवा त्याचा फोन आला. डॉक्टरांनी २ मिलिग्रॅमचं च्युइंगम सुरू केलं होतं. “अरे, उचकी लागते रे सारखी, घसाही जळतो. हे असंच असतं का?”

“चावत सुटला असशील. दोन-चारदा चाव, जीभ चुरचुरली की थांब आणि गालाला लावून ठेव. चव गेली की परत चाव. आणि त्याच्या थोडं आधी किंवा ते तोंडात असताना कॉफी पिऊ नकोस.”

“कॉफीचं काय मध्येच?”

मी त्याला सगळं सांगायला बसलो.