बारा मोटांची विहीर आणि बारा पॉइंटचं अक्षर

"बाईंचा व्यासंग मोठा आहे, फक्त सनावळ्या जरा तपासून घ्यायला हव्यात." अध्यक्षांनी समारोप करताना हे हसत, अगदी मायेनं म्हटलं. त्याला दीड वर्ष झालं. अजून सलतं.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. सुट्टी मिळाली की बारवा बघत हिंडते, फोटो काढते आणि कुणी बोलावलं तर स्लाइड दाखवत त्यांच्याविषयी बोलते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेत बोलायचं होतं. ३८ स्लाइड, एक तास. परभणी जिल्ह्यातली वालूरची चक्राकार बारव, तिकडचीच चारठाण्याची, गुजरातेतल्या पाटणची राणी की वाव, जी २०१४ साली जागतिक वारसा यादीत गेली, आणि शेवटाला लिंबची बारा मोटांची विहीर. ती मुद्दाम शेवटी ठेवली होती. समोरच्या निम्म्या लोकांनी ती लहानपणापासून पाहिलेली असणार, म्हणून.

या विहिरीबद्दल मला एकच गोष्ट जीव तोडून सांगायची होती. ११० फूट खोल, ५० फूट व्यासाची ही विहीर वीरूबाई भोसले यांनी बांधवली, शके १६४१ ते १६४६ मध्ये. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १७१९ ते १७२४, शाहू महाराजांचा काळ. पण मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात 'शके' हा शब्द गळून पडतो आणि विहीर एकदम इसवी सन १६४१ ची होते. ७८ वर्षं अलीकडे-पलीकडे होतात आणि कुणालाच काही वाटत नाही. ही चूक त्याच मुलखात, त्याच विहिरीच्या लोकांसमोर दुरुस्त करावी, एवढ्यासाठी मी पस्तिसावी स्लाइड केली होती.

आणि तीच चूक मी तिथे स्वतःच्या तोंडाने केली.

कशी झाली ते सांगते, कारण त्या रात्री कुणी विचारलं नाही. माइक पोडियमवर होता. प्रोजेक्टरची केबल मात्र पोडियमपर्यंत पोहोचेना. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, लॅपटॉप या टेबलावर ठेवू, तुम्ही रिमोटने स्लाइड बदला." टेबल माझ्यापासून तीन फुटांवर. आधी दोन्ही पडद्यांवर तेच चित्र येत होतं, नोट्स कुठेच दिसत नव्हत्या. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'एक्स्टेंड' केल्यावर माझ्या पडद्यावर प्रेझेंटर व्ह्यू आला. डावीकडे चालू स्लाइड, उजवीकडे वर पुढची, आणि तिच्याखाली एका चिंचोळ्या चौकटीत माझ्या नोट्स. तेवढ्यात कुणीतरी सभागृहातले दिवे मालवले.

चाळिशी लागलेल्या प्रत्येकाला पुढचं सांगायला नको. जवळचा नंबर असतो तो हातात धरलेल्या पुस्तकासाठी, साधारण ४० सेंटीमीटरसाठी. तीन फुटांवर तो चष्मा लावला तरी धूसर, काढला तरी धूसर. त्यात अंधार. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की अंधारात बाहुली मोठी होते आणि स्पष्ट दिसण्याचा पट्टा आणखी आखूड होतो. दिवसा शाळेत जे अक्षर कसंबसं वाचता येतं, ते अंधाऱ्या सभागृहात वाचता येत नाही. यात माझा हलगर्जीपणा कुठे होता?

उलट मी आदल्या रात्री एक वाजेपर्यंत याच कामाला बसले होते. नोट्सचं अक्षर मुळात १२ पॉइंटचं. शिवाय त्याच आकारात देवनागरी अक्षर रोमन अक्षरापेक्षा बारीकच वाटतं, कारण वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांना जागा सोडावी लागते. म्हणून मी 'नोट्स पेज'मध्ये जाऊन एकेक पान उघडलं, मजकूर निवडला, २४ पॉइंट केला, ठळक केला, पुढचं पान. असं ३८ वेळा. पानावर अक्षर छान टपोरं दिसत होतं. समाधानाने झोपले. आणि व्याख्यानाला उभी राहिले तर पडद्यावर अक्षर जिथल्या तिथे, तेवढंच बारीक. नोट्सना दिलेला आकार कागदावर छापताना उपयोगी पडतो, बोलणाऱ्याच्या पडद्यावर त्याचा काही परिणाम होत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आजही मला हे पटत नाही. माणूस अक्षर मोठं करतो ते वाचता यावं म्हणून. मग ज्या एका जागी वाचायचं आहे, तिथेच ते मोठं का होऊ नये?

पहिल्या ३४ स्लाइड पाठांतरावर निभावल्या. पस्तिसाव्या स्लाइडची नोट मी अशी लिहिली होती: 'बांधकाम शके १६४१ ते १६४६ म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४.' त्या चिंचोळ्या चौकटीत ओळ तुटली. 'बांधकाम शके' एका ओळीच्या टोकाला. दुसऱ्या ओळीत '१६४१ ते १६४६ म्हणजे इ. स.' आणि उरलेले आकडे तिसऱ्या ओळीत. मी वाकले, चष्मा कपाळावर सरकवला, डोळे बारीक केले. तिसऱ्या ओळीत १७११ आहे, १७१९ आहे की १७९९ आहे, कळेना. देवनागरीतले एक आणि नऊ लांबून सारखेच दिसतात. मधली ओळ तेवढी बरी दिसली. सभागृहात शांतता वाढत चालली होती, रिमोट धरलेला हात घामेजला होता, आणि मी जे दिसलं ते बोलले. "ही विहीर इसवी सन सोळाशे एक्केचाळीस ते शेहेचाळीस या काळात बांधली गेली, शाहू महाराजांच्या कारकिर्दीत."

तिसऱ्या रांगेतले धोतर नेसलेले एक आजोबा उठले. आवाज अजिबात चढवला नाही. "बाई, सोळाशे एक्केचाळीस साली शिवाजीराजे अकरा वर्षांचे. शाहू महाराजांचा जन्मच मुळी सोळाशे ब्याऐंशीचा."

सभागृहभर हसू पसरलं. कुत्सित नव्हतं, पण हसूच ते. मी म्हटलं, "हो, हो, तो शक आहे, मी इथे बरोबर लिहिलंय." 'इथे' म्हणजे कुठे, ते कुणालाच दिसत नव्हतं. मलाही नीट दिसत नव्हतं. मग ७८ मिळवण्याचं गणित सांगायला लागले, तर ते सारवासारव केल्यासारखं वाटू लागलं. जे मी शिकवायला आले होते, तेच आता मला नुकतं कुणीतरी शिकवल्यासारखं दिसत होतं. उरलेल्या तीन स्लाइडवर काय बोलले, आठवत नाही. आणि मग अध्यक्षांचा समारोप. सनावळ्या तपासून घ्याव्यात. विहिरीवरच्या शिलालेखासमोर मी दोन उन्हाळे उभी राहिले आहे. टॉर्च तिरपा धरून एकेक अक्षर वाचलं आहे. तपासून घ्याव्यात!

घरी आल्यावर ठरवलं की यापुढे नोट्स नाहीत, सगळं पाठ. महिनाभर तसा प्रयत्नही केला. लोक सांगतात, कीर्तनकार बघा, तीन-तीन तास बोलतात, हातात कागद नसतो. पण मी पाहिलेल्या कीर्तनकारांकडे आख्यानांची बाडं होती, आणि ते उभे राहण्याआधी ती उघडून बसत. शिवाय माझ्या एका तासात चाळीसेक सालं आहेत. पाठ करून आलेलं साल आणि समोर पाहून सांगितलेलं साल यांत कशावर भरवसा ठेवावा, याबद्दल इतिहासाच्या शिक्षकाला शंका नसावी.

वाट दाखवली ती आमच्या शाळेतल्या संगीताच्या सरांनी. त्यांची दृष्टी जन्मापासून अधू आहे, फोनवरचं अक्षरही ते बोटभर मोठं करून, नाकाशी धरून वाचतात. स्टाफरूममध्ये मी हे सगळं पुन्हा एकदा रडगाऱ्हाणं लावून सांगत होते. ते म्हणाले, "मॅडम, लॅपटॉप आणा जरा." पॉवरपॉइंट उघडून त्यांनी ऑल्ट आणि एफ-फाइव्ह एकदम दाबलं. प्रोजेक्टर नसतानाही एकाच पडद्यावर प्रेझेंटर व्ह्यू उघडतो, हेही मला ठाऊक नव्हतं. नाहीतर आदल्या रात्रीच कळलं असतं की अक्षर मोठं झालेलंच नाही. मग त्यांनी नोट्सच्या चौकटीच्या अगदी तळाशी बोट ठेवलं. तिथे 'ए' हे रोमन अक्षर दोनदा होतं, एक मोठं, एक लहान. मोठ्यावर क्लिक केलं. अक्षर वाढलं. पुन्हा केलं, आणखी वाढलं. चार-पाच क्लिकमध्ये 'शके' हा शब्द मी खुर्चीत मागे रेलूनसुद्धा वाचू शकत होते. मग त्यांनी मधली उभी रेघ माउसने धरून डावीकडे ओढली. स्लाइड लहान झाली, नोट्स पसरल्या.

"हे कधीपासून आहे?" मी विचारलं.

"मी वापरतोय तेव्हापासून."

मला रडू आलं, खरंच आलं. एका क्लिकचं काम होतं आणि त्यासाठी मी ३८ पानं रंगवत बसले होते. आणि रागही आला. ज्यांना नीट दिसतं त्यांनी बनवलेलं, ज्यांना नीट दिसतं त्यांनीच शिकवलेलं. आमच्या संगणक प्रशिक्षणात अक्षरं उडत कशी आणायची हे दोन तास शिकवलं होतं. बोलणाऱ्याला स्वतःचं टिपण कसं दिसावं, यावर एक वाक्य नाही. ज्या माणसाला मोठ्या अक्षराशिवाय चालतच नाही, त्यालाच ते बटण माहीत होतं. (गूगल स्लाइड्समध्ये नोट्सशेजारी अधिक-उणेची खूण असते. लिबरऑफिसच्या इम्प्रेसमध्येही बोलणाऱ्याच्या पडद्यावर नोट्स मोठ्या करता येतात. सगळीकडे सोय आहे, फक्त शोधावी लागते.)

माझ्या आजीची शिवलीलामृताची पोथी मोठ्या टायपातली होती. ती ठवणीवर ठेवून आजी ताठ बसून वाचायची, समोर शेजारच्या बायका. दुकानात गेल्यावर ती पहिलं वाक्य म्हणायची, "जाड टायपाची द्या हो." त्यात तिला कधी संकोच वाटला नाही. मला मात्र सभागृहात "थांबा, मला दिसत नाहीये, अक्षर मोठं करू द्या" एवढं म्हणता आलं नाही. म्हणता आलं असतं तर अर्ध्या मिनिटात सगळं टळलं असतं.

अक्षर मोठं झालं की मजकूर मावत नाही, हा पुढचा धडा. पूर्वी मी पूर्ण वाक्यं लिहायची, विशेषणांसकट. आता दर स्लाइडला सहा-सात ओळी, मध्ये रिकामी ओळ सोडून. साल स्वतंत्र ओळीवर आणि आकड्यांऐवजी अक्षरांत: 'सतराशे एकोणीस, इसवी'. एक आणि नऊचा घोळच नको. 'शके' लिहायचा तर त्याच ओळीत आकडा, ओळ तुटणार नाही इतकी आखूड. सभागृहात अर्धा तास आधी जाते, माइक जिथे असेल तिथे उभी राहते आणि तिथून पस्तिसावी स्लाइड वाचून बघते. वाचता आली नाही तर टेबल हलवायला लावते. पोडियमवरचा छोटा दिवा मालवू देत नाही.

हे सगळं लिहिलं खरं, पण त्या लांब वाक्यांची आठवण येते. पाण्यावर पडलेल्या कमानीच्या सावलीबद्दल एक वाक्य होतं, चार ओळींचं. वाचून दाखवलं की लोक क्षणभर गप्प व्हायचे. मोठ्या अक्षरात ते चौकटीबाहेर जातं, बोलता बोलता सरकवावं लागतं, आणि ऐनवेळी तसंच्या तसं सुचत नाही. मागच्या महिन्यात ते एका जाड कार्डावर ठळक शाईने लिहून घेतलं आणि हातात धरून वाचलं. ४० सेंटीमीटरवर. चष्म्यातून स्वच्छ दिसलं.

त्या गावाने यंदा पुन्हा बोलावलं आहे. आजोबा असतील की नाही माहीत नाही, असावेत असं फार वाटतं. अध्यक्ष बदललेत म्हणे. होकार कळवताना मी एवढंच विचारलं आहे की प्रोजेक्टरची केबल पोडियमपर्यंत पोहोचेल का. अजून उत्तर आलेलं नाही. दहा मीटरची केबल मी विकत आणून ठेवली आहे.